चाक कोणी फिरवलं

२ सप्टेंबर, मंगळवार

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, राग आला की माणसांवर काढू नका, कागदावर काढा, रक्तदाब आपोआप उतरेल. म्हणून ही वही घेतली. पर्समध्येच ठेवणार, म्हणजे कुणाच्या हाती लागायला नको. आता बघू कागद किती सोसतो ते.

लग्नाला पन्नास वर्षं झालेलं एक जोडपं आज फोटो परत घेऊन आलं. आजोबा इतके सज्जन की तक्रारसुद्धा तारीफ केल्यासारखी केली. म्हणाले, पडदा फार सुरेख आलाय. आलाच होता. पडद्याचा दोरा न् दोरा मोजून घ्या, आणि त्या दोघांचे चेहरे पाण्याच्या तळाशी ठेवल्यासारखे. आजी म्हणाल्या, जाऊ द्या, सुरकुत्या तरी दिसत नाहीत. मी हसले आणि आत जाऊन दात-ओठ खाल्ले.

फोटो काढला होता दादाने. दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ, माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, आता चौपन्नचा. स्टुडिओ बाबांचा. पुढे काउंटर, मागे फोटोची खोली, मध्ये एक दार, ते आजवर कधी नीट लागलेलं नाही. बाबांनी दादाला कॅमेरा शिकवला आणि मला काय, तर गिऱ्हाइकांशी गोड बोलायला. कुणाला काय शिकवावं हे त्यांना कधी कळलंच नाही. कॅमेरा मी पुढे माझी मीच शिकले, दादा जेवायला गेला की चोरून. आजही मोठं काम आलं की कॅमेरा तो उचलतो आणि मी पावती फाडते.

त्याला विचारलं, हे काय आहे? म्हणाला, कॅमेऱ्याचा फोकस बिघडलाय बहुतेक. दोन वर्षांचा कॅमेरा, तळहाताच्या फोडासारखा जपलेला. म्हणे बिघडलाय.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

आज मी स्वतः एका मुलीचा पासपोर्टचा फोटो काढायला गेले. कॅमेऱ्याच्या खिडकीला डोळा लावला तर आत सगळं धुरकट. मुलगी कुठली आणि भिंत कुठली. एकदा वाटलं, भिंगच गेलं. मग लक्षात आलं, खिडकीच्या बाजूला एक इवलंसं चाक असतं, ज्याच्या त्याच्या नजरेच्या नंबराप्रमाणे फिरवायचं. चष्मा न लावताही आतलं स्वच्छ दिसावं म्हणून. ते कुणीतरी पार भलतीकडे नेऊन ठेवलं होतं. शिवाय फोकसचा खटका ऑटोवरून काढून हातावर. म्हणजे मी बटण दाबत बसले आणि कॅमेरा आपला ढिम्म. दोन फोटो वाया गेले, मुलगी घड्याळाकडे बघत बसली.

हातावरचा फोकस हे दादाचं जुनं खूळ. भिंगाची कडी फिरवायची, डोळ्यातली चमक पकडायची, मग टिपायचं. यंत्राला काय कळतं, म्हणतो. बरं, यंत्राला कळत नाही, मग पडदा कुणाला कळला होता?

चाकाचं विचारलं तर म्हणाला, "बोट लागलं असेल गं." बोट लागून ते चाक एवढं फिरत नाही. मी फिरवून बघितलंय, नखाने रेटावं लागतं. पण साहेब बोलले म्हणजे संपलं.

१३ सप्टेंबर, शनिवार

आज दुपारभर दुकान रिकामं होतं. सोक्षमोक्ष लावून टाकला.

टेबलावर मोजपट्टी तिरकी ठेवली. तिच्या बाजूने गोळ्यांच्या पाच रिकाम्या डब्या, एकामागे एक, थोड्या थोड्या अंतराने. कॅमेरा स्टँडवर. हात लागायला नको म्हणून दहा सेकंदांच्या टायमरवर. फोकसचा ठिपका मधल्या डबीवर. वीस फोटो काढले आणि सगळे मोठ्या स्क्रीनवर टाकून पाहिले. वीसच्या वीस वेळा मधल्या डबीवरची बारीक अक्षरं लख्ख. पुढच्या दोन जरा मऊ, मागच्या दोन जरा मऊ, व्हायला पाहिजे तसंच. भिंग बदललं, पुन्हा तेच. दिवा कमी केला, पुन्हा तेच.

म्हणजे कॅमेरा धुतल्या तांदळासारखा. नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय. दादाला दाखवायला बोलावलं. तो स्क्रीनसमोर इतका पुढे वाकला की नाक टेकायचं बाकी राहिलं, आणि म्हणाला, "मग ठीक आहे की." ठीक कसलं? चूक माझी आहे एवढंच त्याने म्हणायचं होतं, तेवढं त्याच्या तोंडातून निघालं नाही.

मी हुकूम काढला. यापुढे खटका ऑटोवर. कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून कॅमेऱ्याच्या कपाटाच्या दाराला चिकटवला.

२४ सप्टेंबर, बुधवार

सहा महिन्यांच्या बाळाचे फोटो. बाळ महाराज मोठ्या मुश्किलीने हसले आणि आमचे महाराज म्हणाले, आलोच हं. गेले. परत आले, बाळ पुन्हा हसवलं, हे पुन्हा गेले. तासाभरात तीनदा बाथरूम. आणि मध्ये मध्ये पाणी. पाण्याची मोठी बाटली आता कॅमेऱ्याच्या बॅगेतच ठेवतो, भिंगांच्या शेजारी. मी ओरडले, ती सांडली तर काय करशील? म्हणाला, घशाला कोरड पडते. एवढं पाणी प्यायचं आणि मग पळत सुटायचं. बाळाच्या आईने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ती नजर मीच झेलायची.

गिऱ्हाईक ताटकळलंय याचं या माणसाला काही म्हणजे काही वाटत नाही.

४ ऑक्टोबर, शनिवार

चाक पुन्हा फिरवलेलं. मागच्या आठवड्यात मी दोनदा सरळ केलं, दोनदा ते परत गेलं. एकदा थोडं, आज पार टोकाला. आता मला कळून चुकलंय, हे मुद्दाम चाललंय. मी कॅमेरा हातात घ्यायला लागले ते त्याला खुपतंय. सांगता येत नाही म्हणून असल्या खोड्या. चौपन्न वर्षांचा घोडा आणि खोड्या पोराच्या.

तरी मनात शंका नको म्हणून कॅमेरा घेऊन दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याचं दुकान म्हणजे कोंबड्यांच्या खुराड्याएवढं, पण हात सोन्याचा. त्याने भिंग उघडलं, आत फुंकर मारली, माझ्या मोजपट्टीसारखाच काहीतरी तक्ता लावून फोटो काढले. म्हणाला, कॅमेरा उत्तम आहे. मग खिडकीला डोळा लावला आणि पटकन बाजूला केला. विचारलं, "हे चाक कोणी फिरवलं?"

मी म्हटलं, भावाने.

"त्यांचा नंबर मोठा आहे का?"

नंबर कसला? त्याला फक्त वाचायचा चष्मा आहे, आणि तोही शर्टाच्या खिशात मिरवायला. दुरुस्तीवाल्याने कॅमेरा फडक्यात गुंडाळून दिला आणि म्हणाला, घरी एकदा विचारून बघा. पैसे घेतले नाहीत. काय विचारून बघा? मी विचारून विचारून थकले. ही पुरुषमंडळी सगळी एका माळेचे मणी, एकमेकांची बाजू सावरायची.

१५ ऑक्टोबर, बुधवार

वहिनी दुकानात बसून दादाच्या पँटी आत घेत होती. कंबर चांगली दोन बोटं उतरलीय म्हणाली. मी म्हटलं, बरं आहे बाई, इथे माझं काउंटरवर बसून पोट सुटलंय आणि हे तरुण होत चाललेत. वहिनी हसली नाही. तिला काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं, पण तेवढ्यात गिऱ्हाईक आलं.

आणखी एक नवीन फॅशन. साहेबांनी स्कूटर चालवणं सोडलंय. रहदारी फार वाढली म्हणे. आता सकाळी मी त्यांच्या दारात हॉर्न वाजवायचा आणि साहेब मागे बसणार. आज रस्त्यात आमचा जुना प्रेसवाला समोरून हात करत होता, दादाने ढुंकून पाहिलं नाही. तो जवळ येऊन "काय शेठ" म्हणाला तेव्हा कुठे "अरे, तू होय" म्हणून गळ्यात पडला. माणूस मोठा झाला की असं होतं. आमचा मोठा न होताच झालाय.

२९ ऑक्टोबर, बुधवार

शाळेचं काम आलं. बावीस वर्गांचे ग्रुप फोटो, शिवाय शिक्षकांचा एक. बाबांनी सुरू केलेलं काम आहे, चाळीस वर्षं दुसऱ्या कुणाला मिळालेलं नाही. शाळेच्या जिन्यात आमच्याच हातचे फोटो टांगलेत, सगळ्यात वरच्या फ्रेममध्ये मी स्वतः दुसरीत, दोन वेण्या घालून, रागावलेली. शाळेचं काम आहे म्हणून गावात आमचं नाव आहे. ते गेलं की आम्ही पासपोर्टवाले.

मी म्हटलं, या वेळी मी काढते. दादा एवढंच म्हणाला, "शाळा माझ्याकडे राहू दे." आवाज असा की मी पावतीपुस्तक पुढे ओढलं. बसा काउंटरवर.

६ नोव्हेंबर, गुरुवार

झाली शोभा.

मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सगळं पाकीट परत पाठवलं नाही, स्वतः घेऊन आल्या. बावीसपैकी नऊ वर्ग गेले. ऑटोवर काढलेत, म्हणजे हुकूम पाळला, पण फोकसचा ठिपका कुठे पडतोय हे बघायला नको का? दोन पोरांच्या डोक्यांमध्ये फट, ठिपका नेमका त्या फटीतून मागच्या भिंतीवर. भिंतीची वीट न् वीट मोजा. पुढे पन्नास पोरं मेणाची वितळलेली. नवशिक्यासुद्धा पहिल्या महिन्यात ही चूक करून कानाला खडा लावतो. आणि हा तीस वर्षांचा उस्ताद.

मोठ्या बाई म्हणाल्या, तुमच्या वडिलांकडे बघून एक संधी देते. एकोणीस तारखेला त्या नऊ वर्गांचे फोटो पुन्हा काढा. नाहीतर पुढच्या वर्षीपासून आम्ही दुसरीकडे बघू.

त्या गेल्यावर माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी, वहिनी डबा घेऊन आलेली, मला काही भान राहिलं नाही. मी म्हटलं, "आंधळ्याच्या हातात कॅमेरा दिला असता तरी यापेक्षा बरे आले असते."

दादा भिंग पुसत होता. पुसतच राहिला. वहिनीने माझ्याकडे असं काही पाहिलं की जणू मी तिला थोबाडीत मारली. मी काय खोटं बोलले? कुणीतरी बोलायलाच हवं होतं. तेवीस वर्षं झाली तिला या घरात येऊन, एकदा तरी नवऱ्याची बाजू सोडून बोललीय का?

रक्तदाब उतरला नाही. कागदाचा काही उपयोग नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

आज मी कायमचा बंदोबस्त केला. ते चाक माझ्या नजरेला लावलं आणि वरून काळी चिकटपट्टी घट्ट मारली, तीन वेढे. फोकसच्या खटक्यावरही एक. आता फिरव म्हणावं.

दादाने पट्टीवरून अंगठा फिरवला. मग कॅमेरा कपाटात ठेवून दिला. बरं झालं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

शाळेत गेलो. कॅमेरा माझ्या गळ्यात. दादाने वर्ग उभे केले, बुटके पुढे, उंच मागे, खांद्याला खांदा. ते काम त्याला अजून सुरेख येतं. पोरांच्या खांद्यांवर हात ठेवून ठेवून एकेकाला जागेवर नेत होता. एका मुलाला दोनदा "बाळ, तू" म्हणाला तर तो मुलगा नव्हता, बॉबकट केलेली मुलगी होती. सगळा वर्ग खिदळला, दादाही हसला. मी नऊच्या नऊ वर्ग घेतले. प्रत्येक वेळी ठिपका मधल्या रांगेतल्या एका चेहऱ्यावर, फटीत नाही. प्रत्येक फोटो मोठा करून तपासला.

शेवटचा वर्ग झाला आणि मनात आलं, जाऊ दे, मोठा भाऊ आहे, त्यालाही दाखवावं. कॅमेरा त्याच्या हातात दिला. तो स्क्रीनकडे बघून म्हणाला, "छान आलेत. अगदी मागच्या रांगेपर्यंत साफ." मी कॅमेरा परत घेतला तर बॅटरी केव्हाच संपलेली. स्क्रीन काळी ठिक्कर.

म्हणजे बघायची तसदीसुद्धा घेतली नाही. बहिणीने पहिल्यांदा शाळेचे फोटो काढले, आणि याने नुसतं तोंडदेखलं छान म्हणून टाकलं. माझा असा अपमान आयुष्यात कुणी केला नव्हता. स्कूटरवर परत येताना माझ्या खांद्याला तो घट्ट धरून बसला होता, ते सुद्धा झटकून टाकावंसं वाटलं.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

मोठ्या बाईंचा फोन आला. फोटो उत्कृष्ट. पुढच्या वर्षीचं काम आपलंच.

दादाला सांगितलं, यापुढे कॅमेरा मी धरणार, सगळ्या कामांना, तू माणसं उभी कर. भांडणाच्या तयारीनेच गेले होते, चार मुद्दे पाठ करून. त्याने खिशातून कपाटाची किल्ली काढली आणि माझ्या हातावर ठेवली. झालं. आठ वर्षांची असल्यापासून मला ही किल्ली हवी होती. आनंद व्हायला पाहिजे होता. उलट आणखीनच चीड आली. निदान भांडायचं तरी होतंस.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

अक्षर लागणार नाही, तरी लिहिते.

दुपारी जेवून लवकर परत आले. कपाट उघडं होतं, किल्ली मीच सकाळी दाराला विसरले होते. आतल्या खोलीत आवाज आला म्हणून दार ढकललं. दादा एकटा उभा, कॅमेरा डोळ्याला लावलेला. समोर गिऱ्हाइकाची रिकामी खुर्ची. आणि एका हाताच्या नखाने ती काळी पट्टी खरवडत होता. नखाखालून रक्त येत होतं, तरी खरवडतच होता.

मी किंचाळले. म्हटलं, रंगेहाथ सापडलास ना? लाज कशी वाटत नाही? अजून किती छळणार आहेस?

तो दचकला नाही. कॅमेरा डोळ्यावरून न काढता म्हणाला, "ठिणगे, ही पट्टी काढ गं जरा. मला खुर्ची दिसत नाही."

ठिणगी हे नाव लहानपणी त्यानेच ठेवलेलं, गेली कित्येक वर्षं तो त्या नावाने हाक मारत नव्हता. मी पट्टी काढली. माझ्या हाताने मारलेले तीन वेढे, निघता निघेनात. त्याने चाक फिरवलं, टोकापर्यंत नेलं, तरी पुढे रेटत राहिला. चाक संपलं होतं. मग कॅमेरा खाली घेतला आणि माझ्याकडे बघून, म्हणजे माझ्या शेजारच्या दिव्याकडे बघून म्हणाला, आधी आधी फिरवलं की दिसायचं. मग कधी दिसायचं, कधी नाही. गेल्या आठवड्यापासून उजव्या डोळ्यापुढे काळं जाळं आलंय.

मी त्याला खूप बोलले. का नाही सांगितलंस, कुणाला नाही सांगितलंस, मूर्ख, गाढव, वहिनीला माहीत होतं का? तिला थोडं माहीत होतं, तिला शपथ घातली होती. मी आणखी बोलले. तो म्हणाला, "सांगितलं असतं तर तू कॅमेरा काढून घेतला असतास." मग म्हणाला, "तसाही घेतलासच म्हणा."

२९ नोव्हेंबर, शनिवार

सकाळी रक्त तपासलं. साखर चारशे चाळीस. लॅबवाल्याने दुसऱ्यांदा तपासली, तेवढीच. साखर वर-खाली झाली की नजरेचा नंबर बदलतो, म्हणून चाक पुढे-मागे व्हायचं. हे डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं. तरुण आहेत, शांत बोलतात. त्यांनी दादाच्या डोळ्यांत थेंब घातले, खूप वेळ आत बघितलं. उजव्या डोळ्यात मागच्या पडद्यावर रक्त उतरलंय. डाव्यात सूज. इंजेक्शनं, लेझर, महिनोन् महिने. डावा बराचसा राहील. उजव्याचं आत्ता काही सांगता येत नाही म्हणाले.

वहिनी रडत होती. मी रडले नाही, मला राग आला होता. कुणाचा ते लिहीत नाही.

डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून आहे? दादा म्हणाला, झाला असेल महिनाभर. वहिनी म्हणाली, दोन महिने तरी. डॉक्टर म्हणाले, नीट आठवून सांगा, त्यावर बरंच काही ठरतं. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

मी पर्समधून ही वही काढली.

धुरकट नजर, दोन सप्टेंबर. नंबर बदलला, बारा सप्टेंबर. तहान आणि लघवी, चोवीस सप्टेंबर. चार ऑक्टोबर. पंधरा ऑक्टोबर. मी तारखा वाचत गेले, मधलं सगळं गाळत गेले. काय काय गाळावं लागलं ते माझं मला माहीत. डॉक्टर लिहून घेत होते. मग त्यांचं पेन थांबलं. त्यांनी विचारलं, "हे तुम्ही त्या त्या दिवशीच लिहिलंय?"

मी म्हटलं, हो.

"एवढं सगळं दिसत होतं, मग तेव्हाच का नाही घेऊन आलात? सप्टेंबरात आला असता तर उजवा डोळा वाचवणं खूप सोपं होतं."

मी वही मिटली. दादा थेंब घातलेले डोळे मिटून बसला होता. त्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि माझ्याऐवजी उत्तर दिलं.

"तेव्हा ती माझ्यावर चिडलेली होती हो," तो म्हणाला.

डॉक्टरांनी मान हलवली आणि दोन सप्टेंबर ही तारीख कागदावर लिहिली.